गोदाकाठचा सिंह आणि उसातला बिबट्या

१

ध्वनिसिद्धान्त शिकवताना आम्ही दोघेही गेली अनेक वर्षे एकच उदाहरण देत आलो आहोत. ते गाथासप्तशतीतले आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ते घेतल्यामुळे पुढच्या हजार वर्षांच्या अभ्यासक्रमातून ते कधी हलले नाही. गोदावरीच्या काठी एक दाट कुंज आहे. तिथे एक धार्मिक गृहस्थ रोज फुले वेचायला येतो. वाटेतल्या कुत्र्याची त्याला भीती वाटते. एक स्त्री त्याला सांगते की, महाराज, आता निर्धास्त हिंडा. त्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या मातलेल्या सिंहाने मारून टाकले. वाच्यार्थ ‘हिंडा’ असा आहे आणि व्यंग्यार्थ ‘पुन्हा इकडे फिरकू नका’ असा. कुंज हे तिचे संकेतस्थळ आहे. या गृहस्थाच्या फुले-पाने तोडण्याने तिथला आडोसा विरळ होत चालला आहे, आणि तिला तो राखायचा आहे. विधीतून निषेध कसा सूचित होतो, हे सांगून आम्ही पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

एकदा तास संपल्यावर निफाड तालुक्यातली एक विद्यार्थिनी थांबली. तिने विचारले, “सर, सिंहाचं राहू द्या, पण कुत्रं खरंच गेलं होतं का?” प्रश्नामागचे कारण तिनेच सांगितले. त्यांची वस्ती मळ्यात आहे. दोन वर्षांत दारातली तीन कुत्री गेली आणि तिन्ही रात्रीच गेली. कुत्रे गेले की घरातली मोठी माणसे लहानांना सांगतात, आता अंधार पडल्यावर बांधाकडे जायचे नाही. गाथेतल्या स्त्रीने जे वाक्य कपटाने वापरले, ते तिच्या घरात अगदी सरळ अर्थाने बोलले जात होते. तिच्या घरी वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांच्यात अंतरच उरले नव्हते.

हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. नाशिक परिसरात बाग लावणारा माणूस आणि बागेत शिरणारे वन्य जीव यांच्या भेटीगाठींना सुमारे दोन हजार वर्षांचा लिखित इतिहास आहे. तो सलग नाही. कोरीव लेखात, संप्रदायाच्या कथेत, एका पत्रकी बाण्याच्या ग्रंथात, शालेय नीतिकथेत आणि अलीकडच्या शास्त्रीय निबंधांत तो विखुरलेला आहे. तो एकत्र ठेवून पाहिला तर काय दिसते, एवढाच आमचा हेतू आहे.

२

नाशिकच्या बागांचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे आपण ज्यांना पांडवलेणी म्हणतो तिथे, दहाव्या लेण्यात आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने तो लेख कोरवला आहे. त्याचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे आपण निवासस्थाने दिली, आराम, तळी आणि विहिरी करविल्या, असे तो सांगतो. यातले गोवर्धन म्हणजे आजच्या नाशिकजवळचे, गंगापूरच्या शेजारचे गाव. याच लेखात नानंगोल गावच्या बत्तीस हजार नारळीच्या झाडांचे दानही नोंदले आहे. आराम, तडाग, उदपान ही शब्दांची त्रयी लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाग आणि पाणी यांचा उच्चार इथे एका दमात होतो. पाणी आले की बाग येते. आणि कोरड्या मुलखात पाणी आणि बाग एकत्र आली की त्यांच्यामागून आणखी कोण येते, ते लेखाला सांगण्याचे कारण नव्हते.

तिसऱ्या लेण्यातला गौतमीपुत्र सातकर्णीचा चोविसाव्या राज्यवर्षाचा लेख मात्र नकळत एक महत्त्वाची गोष्ट सांगून जातो. भिक्षुसंघाला एका गावातले शेत दान दिले होते. पण ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरची शंभर निवर्तने जमीन द्यावी, असा हा आदेश आहे. गाव का उठले, हे लेख सांगत नाही. परंतु दान दिलेली जमीनही पडीक होऊ शकते, वस्ती मागे सरकू शकते, याची राजदरबारी नोंद नाशिकच्या डोंगरात आहे. रान आणि शेत यांची सीमा आपण समजतो तशी एकाच दिशेने सरकत आलेली नाही. ती पुढे-मागे होत राहिली आहे.

गाथासप्तशतीचा संग्रह परंपरेने सातवाहन राजा हालाच्या नावावर आहे. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ सालच्या मराठी आवृत्तीमुळे तो आपल्या पिढ्यांच्या हाती आला. त्यातली नायिका नगरातल्या प्रमदवनात कमी आणि शेताच्या बांधावर जास्त दिसते. पीक राखायला बसलेली तरुणी, पक्षी, नदीकाठची झाडी हा तिचा परिसर आहे. पुढच्या संस्कृत काव्यातले उद्यान बंदिस्त झाले आणि त्यातले मोर, शुक, सारिका पाळीव झाले. गाथेतल्या बांधावर मात्र कोण कधी येईल याचा भरवसा नाही, आणि त्या अनिश्चिततेवरच त्या स्त्रीचे वाक्य उभे आहे. गोदाकाठी सिंह असणे अगदीच अशक्य वाटले असते, तर त्या गृहस्थाला भीती वाटली नसती आणि ध्वनीही निघाला नसता.

३

साहित्यशास्त्रातला पुढचा वाद आपण सहसा परीक्षेपुरता शिकवतो. महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त ध्वनी नाकारला आणि इथे सरळ अनुमान आहे असे मांडले. गोदाकाठी सिंह आहे, सिंह असलेली जागा भित्र्या माणसाच्या हिंडण्याला योग्य नसते, म्हणून तिथे हिंडू नये, अशी ती अनुमानाची साखळी. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या पाचव्या उल्लासात त्याला उत्तर दिले. भित्रा माणूसदेखील गुरूच्या किंवा स्वामीच्या आज्ञेने अथवा प्रेमापोटी धोक्याच्या जागी जातोच, ही त्याची पहिली हरकत. त्याची आणखी एक हरकत आमच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. गोदावरीच्या तीरावर सिंह आहे हे प्रत्यक्षाने ठरलेले नाही, अनुमानानेही ठरलेले नाही. ते केवळ एका वचनावरून कळले आहे, आणि वचन हे स्वतःहून प्रमाण नसते.

हे वाचताना नाशिकच्या वनकर्मचाऱ्याला हसू येईल. त्याचा बहुतेक दिवस याच प्रश्नात जातो. दूरध्वनी येतो की अमुक मळ्यात बिबट्या दिसला. हे झाले शब्दप्रमाण. मग तो जाऊन ओल्या मातीत पावलांचे ठसे पाहतो. नखांचे वण उमटले असतील तर प्राणी कुत्र्याच्या कुळातला, नसतील तर मांजराच्या, कारण मांजरकुळातले प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. हे झाले अनुमान. शेवटी बांधावर स्वयंचलित कॅमेरा लावून रात्रीचे छायाचित्र मिळवायचे, हे प्रत्यक्ष. मम्मटाने अकराव्या शतकात जी तीन प्रमाणे क्रमाने तपासली, ती आज याच गोदाकाठी, याच प्रश्नासाठी, उलट क्रमाने तपासली जातात.

४

मराठी वाङ्मयाच्या आरंभीही एक वाघ आहे. विठ्ठलपंत आपल्या मुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असताना वाघ आडवा आला, सगळे पांगले, निवृत्ती चुकून एका गुहेत शिरला आणि तिथे त्याला गहिनीनाथ भेटले, अशी वारकरी परंपरेतली कथा आहे. निवृत्तीने घेतलेला अनुग्रह ज्ञानदेवाला मिळाला. पुढचे सारे आपण जाणतो. ही कथा इतिहास म्हणून कोणी सिद्ध करू शकणार नाही आणि तशी गरजही नाही. परंपरेला ही भेट वाघाकरवी घडावीशी वाटली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. त्या वाघाला कोणी मारले नाही आणि त्यानेही कोणाला मारले नाही. तो वाट अडवतो आणि त्यामुळे दुसरी वाट सापडते. त्र्यंबकच्या डोंगरात वाघ भेटणे हे त्या कथेच्या श्रोत्यांना विलक्षण वाटत नसावे. गहिनीनाथ भेटणे हे विलक्षण होते.

याच डोंगरांच्या कुशीत, त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत वाघोबाची पूजा अजून चालते. लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ, चंद्र, सूर्य आणि नाग कोरलेला वाघदेव गावाच्या शिवेवर उभा असतो. सपाटीवरच्या गावांत आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस असते, गाय-वासराची पूजा होते. डोंगरातल्या महादेव कोळी, कोकणा, वारली वस्त्यांत त्याच दिवशी वाघबारस असते. एकाच तिथीला एकीकडे गाईची आणि दुसरीकडे गाय खाणाऱ्याची पूजा होते. यात विसंगती नाही. गुरे जगायची असतील तर दोघांशीही बोलणे ठेवले पाहिजे, असा त्याचा व्यवहारी अर्थ आहे. वाघोबाचे स्थान शिवेवर असते, म्हणजे त्याचे असणे मान्य असते आणि त्याने कुठवर यावे हेही ठरलेले असते.

५

१८८३ हे साल या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबई गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्याचा सोळावा खंड प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण झाला. गॅझेटियरमध्ये पिकांचे प्रकरण वेगळे आणि जनावरांचे वर्णन वेगळे असते. पिके उत्पन्नाच्या बाजूला, वन्य पशू शिकारीच्या बाजूला. पिकात शिरलेल्या जनावराला या रचनेत जागाच नाही. ती जागा फुल्यांच्या ग्रंथात आहे. १८७८ च्या शस्त्रबंदीच्या कायद्याने शेतकऱ्याजवळची गावठी बंदूकही गेली आणि रानडुकरांना मोकळे रान मिळाले, ही वस्तुस्थिती फुल्यांनी हेरली. त्यांची मागणी स्पष्ट होती. शेतकऱ्यांना बंदुका ठेवू देण्याची सरकारची छाती होत नसेल तर राखणीचे काम पोलीस खात्याकडे द्यावे, आणि तरीही डुकरांनी नुकसान केले तर ते पोलीस अंमलदारांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून भरून देण्याचा कायदा करावा.

ही मागणी आपण ‘असूड’ शिकवताना बहुधा गाळतो, कारण ती किरकोळ वाटते. वास्तविक तिच्यामागे एक मोठे तत्त्व आहे. राखणीचे साधन ज्याने काढून घेतले, त्याच्याकडे राखणीची जबाबदारीही गेली पाहिजे. आज पिकांच्या आणि जनावरांच्या नुकसानीसाठी वनखाते भरपाई देते, पंचनामे होतात. त्या भरपाईचा विचार मराठीत इतक्या स्वच्छपणे मांडणारा फुल्यांआधीचा दुसरा लेखक आमच्या वाचनात आलेला नाही.

त्याच काळात ब्रिटिश सरकार हिंस्र पशू मारणाऱ्यांना इनामे देत होते. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेला आकडा असा की, १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ऐंशी हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. म्हणजे शेतकऱ्याच्या हातून बंदूक काढून घेणारे सरकार शिकाऱ्याच्या हाती इनाम ठेवीत होते. डुकराला मारायला बंदूक नाही आणि डुकराला खाणारा वाघ मात्र इनामासाठी मारला जातो, अशा दुहेरी पेचात बांधावरचा माणूस सापडला होता.

६

आता द्राक्षांकडे येऊ. नाशिकच्या आधुनिक द्राक्षशेतीचा आरंभ १९२५ च्या सुमारास ओझर येथे रावसाहेब जयराम गायकवाड यांच्या बागेपासून मानला जातो. दख्खनमध्ये द्राक्षे त्याहून पुष्कळ जुनी आहेत. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांचा उल्लेख केला आहे. जुन्या पद्धतीत वेलीला आधार म्हणून पांगाऱ्याची जिवंत झाडे लावीत. पांगारा लवकर वाढतो, त्याचा पाला खत होतो आणि मुळे जमिनीला नत्र पुरवतात. पण पांगारा उन्हाळ्याच्या तोंडाशी लालभडक फुलतो, आणि त्या फुलांतल्या मधासाठी मैना, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर असे कितीतरी पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. बागेचा खांबच पाखरांना बोलावणे धाडीत होता, असे म्हणायला हरकत नाही. पुढे दगडी खांब आले, तारांचे मांडव आले, मग इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे लोखंडी अँगल आले. पांगारा बांधावर गेला आणि तिथूनही कमी झाला. पाखरे मात्र येत राहिली, फक्त आता त्यांच्यासाठी घडांखेरीज दुसरे काही उरले नव्हते.

या पाहुण्यांत भोरड्यांचे स्थान वेगळे आहे. पुस्तकी मराठीत तिला पळसमैना म्हणतात. मध्य आशियातून पावसाळ्याच्या अखेरीस हे थवे दख्खनमध्ये उतरतात आणि चैत्राच्या आसपास परततात. ज्वारीचा हुरडा आणि द्राक्षाचा गोडवा हे दोन्ही त्यांच्या मुक्कामात येतात. त्यामुळे गोफण, बुजगावणे, डबे वाजवणे, चकाकणाऱ्या फिती आणि अलीकडे जाळ्या, असा राखणीचा सारा सरंजाम त्यांच्यासाठी उभा होतो. तिकडे चीनच्या शिंजियांग प्रांतात १९८० च्या दशकापासून याच पक्ष्यासाठी मुद्दाम दगडमातीची घरटी बांधून देतात, कारण विणीच्या हंगामात तो टोळ फस्त करतो. एकच पक्षी एका मुलखात राखणदार आहे आणि दुसऱ्यात लुटारू. कायद्याच्या भाषेतही असाच गोंधळ होता. फळे खाणारे वटवाघूळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर-घुशींच्या पंक्तीला, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवले होते. परागीभवन आणि बियांचा प्रसार ही त्याची कामे त्या वर्गवारीत कुठेच नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीची रचना बदलली.

मराठी वाचकाला द्राक्षबागेतला प्राणी म्हणून सर्वांत आधी आठवतो तो मात्र पक्षी नव्हे, कोल्हा. आणि तो इथला नाही. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण आपल्याला इतकी आपली वाटते की ती अनुवादातून आली हे विसरायला होते. पंचतंत्रात ही कथा नाही. ती इसापाची. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या १८२८ च्या ‘इसापनीतिकथां’सारख्या पुस्तकांनी आणि पुढे शाळेच्या वाचनमालांनी इसाप मराठी मुलांपर्यंत नेला. भाषांतरात एक अदलाबदलही झाली. इसापाचा प्राणी म्हणजे आपल्याकडचे खोकड किंवा लोमडी. मराठीत तो कोल्हा झाला, जो प्राणिशास्त्राच्या दृष्टीने वेगळा. ही चूक मानायची का? आम्हाला तसे वाटत नाही. धूर्तपणाची भूमिका आपल्या कथापरंपरेत आधीपासून कोल्ह्याकडे होती. पंचतंत्रातले करटक आणि दमनक कोल्हेच आहेत. भाषांतरकाराने प्राणी बदलला आणि भूमिका राखली. नुकसान झाले ते वेगळेच. त्या कथेत द्राक्षे उंच आहेत, कोल्ह्याला ती मिळत नाहीत, आणि बाग लावणारा माणूस कथेत कुठेच नाही. खऱ्या मळ्यातला कोल्हा बोरे खातो, ऊस खातो, खाली लोंबणारी फळे खातो, आणि त्याच पावली उंदीर-घुशीही खातो. नीतिकथेने आपल्याला कोल्ह्याचा स्वभाव शिकवला. त्याचा आहार शिकवला नाही.

७

बिबट्याची गोष्ट पाण्यापासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागातल्या दुष्काळांनंतर संरक्षक पाटबंधाऱ्यांचे धोरण आले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दारणा धरण आणि नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा उभा राहिला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा गाळाने भरत गेला, पाणथळ झाला आणि पक्ष्यांना आवडला. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. पाटबंधाऱ्यासाठी बांधलेली भिंत पक्ष्यांचे तीर्थ झाली, हे अभिमानाने सांगितले जाते. त्याच पाण्याची दुसरी फलश्रुती मात्र आपण वेगळ्या स्वरात सांगतो. कालवे आले, ऊस आला. ऊस दहा-बारा महिने उभा असतो, माणसाच्या उंचीहून वर जातो, आत सावली आणि गारवा असतो, शेजारी पाणी असते, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या असतात. मादी बिबट्याला पिल्ले घालायला याहून चांगली जागा कोणती? आज उसात जन्मलेल्या आणि कधी डोंगर न पाहिलेल्या बिबट्यांबद्दल ‘जंगल सोडून गावात आले’ असे म्हणणे हा भाषेचा प्रमाद आहे. ते आले नाहीत. ते तिथलेच आहेत.

नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने मूलगामी आहे. दाट वस्तीच्या, जंगल नसलेल्या शेतीच्या पट्ट्यात कॅमेरे लावून त्यांनी दाखवले की दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे तिथे राहतात. हा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी जुन्नर भागातल्या अनुभवावरून त्यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली होती. पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडल्याने माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, कारण अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी अधिक बिथरतो. पुढच्या एका निबंधात त्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. त्यात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के.

हा आकडा वाचला तेव्हा आम्हाला आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आठवला. ज्या गोष्टीवर आनंदवर्धन, महिमभट्ट आणि मम्मट यांनी एवढा खल केला, त्यात सर्वांचे लक्ष सिंहावर होते. कुत्र्याकडे कोणी पाहिले नाही. गाथा रचणाऱ्याला मात्र हे माहीत होते की शिकारी प्राणी वस्तीजवळ आला की त्याची पहिली खूण म्हणजे नाहीसे झालेले कुत्रे. सिंह खोटा असेल. ज्या तपशिलामुळे तो खरा वाटला तो तपशील बांधावरचा होता.

८

गाथेतल्या बाईला भीती निर्माण करायची होती. आज भीती आपोआप निर्माण होते आणि तिचे वाटप मात्र सारखे नसते. जानेवारी २०१९ मध्ये नाशिकच्या सावरकरनगर भागात बिबट्या शिरला, नोव्हेंबर २०२३ मध्ये सिडको परिसरात शिरला. तेव्हा दूरचित्रवाणीच्या गाड्या आल्या, गर्दी जमली, आणि सारे शहर त्यावर बोलले. मळ्यातली भीती अशी बातमी होत नाही. कृषिपंपांचा वीजपुरवठा पाळीपाळीने रात्री असतो, म्हणून बारे द्यायला रात्री जावे लागते. निफाडचा पारा हिवाळ्यात इतका उतरतो की घड तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि पहाटे पाणी सोडावे लागते. ऊसतोड कामगारांची लहान मुले फडाच्या कडेला पाचटावर झोपलेली असतात. फड तोडताना बछडे सापडतात. मग वनखात्याचे लोक ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि मादी रात्री येऊन एकेक उचलून नेते. ही दृश्ये कौतुकाने पाहिली जातात. त्याच फडात दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन उतरणाऱ्या बाईच्या मनात काय असते, ते मात्र कोणी विचारत नाही.

‘मानव-वन्यजीव संघर्ष’ हा शब्दप्रयोग आता रूढ झाला आहे. त्यात दोन पक्ष आहेत असे वाटते. प्रत्यक्षात धरण, कालवा, साखर कारखाना, विजेचे वेळापत्रक, शस्त्रकायदा आणि निर्यातीचा भाव हे सगळे त्या बांधावर उभे असतात, फक्त ते दिसत नाहीत. दिसतात ती दोनच, बाई आणि बिबट्या. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी आमच्या मते बिबट्याविषयीची सर्वांत शहाणी मागणी आहे. तिच्यात फुल्यांच्या मागणीचा तर्क आहे. रात्री बांधावर जायला ज्याने भाग पाडले, त्याने त्या रात्रीची जबाबदारी घ्यावी.

मराठी साहित्याने या जागेकडे किती पाहिले? आपल्याकडे रानाचे उत्तम लेखन आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ आहे, मारुती चितमपल्लींचे सारे लेखन आहे. बहिणाबाईंनी सुगरणीचे घरटे पाहिले, ना. धों. महानोरांनी ‘रानातल्या कविता’ शेतात उभे राहून लिहिल्या. तरीही रान आणि बाग यांच्या मधला जो बांध, जिथे राखण होते, जिथे नुकसान मोजले जाते आणि जिथे कधी जीवही जातो, त्याची कादंबरी आम्हाला अजून वाचायची आहे. ‘राखण’ हा शब्द आपल्याकडे आहे आणि तो ‘संघर्षा’हून जुना आहे. राखणारा माणूस समोरच्याला संपवायला बसलेला नसतो. तो जागा असतो, आवाज करतो, थोडे नुकसान गृहीत धरतो आणि सकाळी घरी जातो. वाघोबा शिवेवर बसवणाऱ्यांनाही हेच अभिप्रेत होते.

मम्मटाने म्हटले की केवळ वचनावरून सिंह सिद्ध होत नाही. ते खरे आहे, आणि समाजमाध्यमांतून फिरणाऱ्या जुन्या चित्रफिती पाहता आज ते अधिकच खरे आहे. ‘लांडगा आला रे आला’ ही दुसरी इसापी कथा आपल्याला हेच शिकवते. पण त्या कथेच्या शेवटी लांडगा खरोखर आला होता, आणि तेव्हा कोणी धावले नाही. मळ्यातली मुलगी सांगते की कुत्रे गेले, तेव्हा तिच्या वचनाचे प्रामाण्य तपासायला कोणी जायचे, हा प्रश्न साहित्यशास्त्राच्या तासाबाहेरचा आहे. पुढच्या वर्षी ती गाथा शिकवताना मात्र आम्ही कुत्र्यापाशी थोडे अधिक थांबणार आहोत.